हजार हातांची एक वही

तुमच्या वर्गात चाळीस मुलं असतील, तर चाळीस तऱ्हेची अक्षरं असणार. कुणाचं डावीकडे कललेलं, कुणाचं ताठ उभं, कुणाचं मुंग्यांची रांग चालल्यासारखं बारीक. कुणी समासाची रेघ पाळतं, कुणी ती ओलांडून थेट पानाच्या टोकापर्यंत जातं. ज्याची त्याची वही वेगळी असते, त्यामुळे बिघडत काहीच नाही. पण समजा, सगळ्या वर्गाने मिळून एकच वही लिहायची असं ठरलं तर? सोमवारी एकाने दोन पानं लिहिली. मंगळवारी दुसरीने त्यातल्या चार ओळी खोडून नव्या घातल्या. बुधवारी तिसऱ्याने मधेच एक परिच्छेद घुसवला. महिन्याभरात त्या वहीची काय दशा होईल?

आता चाळीसच्या जागी हजार हात घ्या. त्यातल्या बऱ्याच जणांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. कुणी पोलंडमध्ये बसलंय, कुणी ब्राझीलमध्ये, कुणी बंगळुरात. आणि वहीत निबंध नाही, तर संगणकाला दिलेले हुकूम आहेत. ते चुकले तर जगभरच्या वेबसाइट बंद पडू शकतात.

अशा वह्या खरोखरच आहेत, बरं का! त्यांना ‘ओपन सोर्स’ प्रोग्रॅम म्हणतात. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, कुणालाही वाचायला खुला असतो. चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवायचीही सगळ्यांना मुभा असते. मात्र ती दुरुस्ती वहीत चढवायची की नाही, हे ठरवणारे थोडे अनुभवी लोक असतात. आज आपण अशाच एका वहीची गोष्ट पाहणार आहोत. तिचं नाव आहे जँगो.

गिटारवाल्याचं नाव, वर्तमानपत्राचा जन्म

जँगोचा जन्म झाला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावी, आणि तोही एका वर्तमानपत्राच्या कचेरीत! ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकासाठी एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोन प्रोग्रॅमर वेबसाइट तयार करत असत. वर्तमानपत्र म्हणजे सगळं आजच्या आज हवं. म्हणून २००३ मध्ये त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हत्यारांची एक पेटीच बनवली. २००५ च्या जुलै महिन्यात ती पेटी सगळ्या जगाला फुकट खुली करण्यात आली. पुढे इन्स्टाग्रामची वेबसाइटसुद्धा तीच हत्यारं वापरून उभी राहिली.

नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. हा माणूसही विलक्षण. १९२८ साली लागलेल्या एका आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. तरी उरलेल्या बोटांनी वाजवण्याची नवी पद्धत त्याने शोधून काढली आणि तो जॅझ संगीतातला नामांकित वादक झाला. (इंग्रजीत त्याच्या नावाआधी एक ‘डी’ लिहितात, पण तो उच्चारायचा नाही.)

जँगो लिहिलेलं आहे पायथन या संगणकाच्या भाषेत. सी.बी.एस.ई.च्या अकरावी-बारावीला संगणकशास्त्र घेतलेल्या ताई-दादांना विचारा, ते हीच भाषा शिकतात. नाव अजगराचं असलं, तरी ते घेतलंय ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून.

जागा चार, की आठ?

आता तुम्ही म्हणाल, ‘हुकूम बरोबर असला म्हणजे झालं. अक्षर कसं का असेना!’ शिवाय कोड तर की-बोर्डवर टाइप करायचा. त्यात कसलं आलंय अक्षर?

अक्षर नसतं, पण मांडणी असते. एका हुकुमाच्या पोटात दुसरा हुकूम असेल, तर तो थोडा आत सरकवून लिहितात, आपण नव्या परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवतो तसा. पण आत म्हणजे किती? स्पेसबार दोनदा दाबायचा, चारदा, की आठदा? की ‘टॅब’ नावाचं बटण एकदाच दाबायचं? टॅबची गंमत अशी, की तिची रुंदी ज्याने त्याने आपल्या संगणकावर ठरवायची असते. तुमच्या पडद्यावर सुरेख दिसणारा कोड माझ्या पडद्यावर पार विस्कटलेला दिसू शकतो. लिनक्स ही प्रसिद्ध ओपन सोर्स प्रणाली सुरू करणाऱ्या लायनस टॉरवाल्ड्सने आपल्या नियमावलीत टॅब आठ जागांची धरली आहे, आणि तीन पायऱ्यांपेक्षा जास्त आत जावं लागत असेल तर तुमचा कोडच मुळात चुकतोय, असं खडसावलंही आहे. पायथनवाल्यांचं बरोबर उलटं. त्यांना टॅब नको, चार स्पेस हव्यात.

मग अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी? ओळ किती लांब? दोन कामांच्या मधे एक ओळ रिकामी सोडायची की दोन? मोठमोठे पगारदार इंजिनियर या प्रश्नांवर हमरीतुमरीवर येतात. खोटं वाटेल, पण खरं आहे. एखादं अवघड गणित बरोबर सुटलंय का, यावर बोलायला दोघे पुढे येतात. स्वल्पविरामापुढच्या जागेवर बोलायला मात्र वीस जण तयार असतात, कारण त्यात प्रत्येकाला काहीतरी कळतं!

एक जादा ओळ आणि उघडं दार

हे भांडण नुसतं दिसण्यापुरतंच आहे का? २०१४ साली काय झालं ते ऐका.

त्या वर्षी फेब्रुवारीत ॲपल कंपनीने आयफोन आणि आयपॅडसाठी तातडीची दुरुस्ती पाठवली. फोन जेव्हा बँकेसारख्या वेबसाइटशी गुपचूप बोलतो, तेव्हा समोरचा खरोखर बँकच आहे की कुणी तोतया, हे तो आधी तपासून घेतो. नेमकी ही तपासणी करणाऱ्या कोडमध्ये चूक होती. आपल्या भाषेत मांडली तर ती साधारण अशी दिसेल:

जर शिक्का चुकीचा असेल तर
        तपासणी थांबवा
        तपासणी थांबवा
सहीची तपासणी करा

‘तपासणी थांबवा’ दोनदा आलंय, हे तुम्हाला दिसलंच असेल. एकदा जास्त लिहिलं म्हणून काय बिघडलं, असं वाटतं ना? पण ‘सी’ या भाषेत कंस घातले नाहीत, तर ‘जर’चा अंमल फक्त पुढच्या एकाच हुकुमावर चालतो. म्हणजे पहिलं ‘थांबवा’ शिक्का चुकला तरच, पण दुसरं ‘थांबवा’ मात्र दर वेळी, शिक्का बरोबर असला तरी! सहीपर्यंत तपासणी कधी पोचतच नव्हती. आणि थांबेपर्यंत एकही दोष सापडलेला नसल्यामुळे अहवाल जायचा : ‘सगळं ठीक आहे, आत सोडा.’ तोतयाला दार उघडं!

जवळजवळ दीड वर्ष ही चूक लोकांच्या फोनमध्ये होती. आणि तो कोड काही कपाटात दडवलेला नव्हता, सगळ्या जगाला वाचायला खुला होता. मग ती नजरेला का आली नाही? कारण दुसरी ओळसुद्धा पहिलीइतकीच आत सरकवलेली होती. डोळ्यांना वाटलं, दोन्ही ओळी ‘जर’च्याच पोटात आहेत. संगणक मात्र मोकळ्या जागेकडे बघतच नव्हता. माणूस एक वाचत होता आणि यंत्र दुसरंच.

मांडणी नीट करणारं यंत्र जर त्या फायलीवरून फिरलं असतं, तर त्याने ती दुसरी ओळ डावीकडे बाहेर खेचून ठेवली असती, ‘जर’च्या बरोबरीने. तशी एकटी बाहेर पडलेली ओळ कुणाच्याही डोळ्यांत खुपली असती. पुढे २०१६ मध्ये ‘जीसीसी’ या ओपन सोर्स अनुवादक प्रोग्रॅमच्या सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या जागेबद्दल इशारा देण्याची सोय आली.

(पायथनमध्ये हा सापळा अशा रूपात येतच नाही. तिचे कर्ते गिडो व्हॅन रॉसम यांनी आत सरकवलेल्या जागेलाच अर्थ देऊन टाकला. जितकं आत दिसतं, तितकंच संगणकही आत मानतो.)

दहा दिवस वाट आणि स्वल्पविराम

पण माझ्या मते, रोजचं नुकसान याहून वेगळंच असतं. ते बातमीत येत नाही.

कल्पना करा, तुम्ही बारावीत आहात. पायथन चांगलं येतंय. जँगो वापरताना तुम्हाला एक चूक सापडली. समजा, एका ठिकाणी तारीख एका दिवसाने मागे दिसतेय. दोन रविवार खर्च करून तुम्ही मूळ शोधलंत, दुरुस्ती लिहिलीत, धडधडत्या छातीने पाठवून दिलीत. एक दिवस गेला, दोन गेले. दहाव्या दिवशी उत्तर आलं : ‘चौथ्या ओळीत स्वल्पविरामापुढे जागा सोडलेली नाही. अकरावी ओळ फार लांब आहे. इथे दुहेरी अवतरण नको, एकेरी हवं.’ बस्स! तारखेबद्दल एक अक्षर नाही.

तुम्ही सगळं सुधारून पुन्हा पाठवलंत. आठवड्याने दुसरं उत्तर : ‘तेविसाव्या ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्त आहे.’ ओळीच्या शेवटची स्पेस! जी डोळ्यांना दिसतही नाही!

मन खट्टू होईल की नाही? आणि पलीकडच्या माणसालाही यात मजा येत नसते, बरं का. ओपन सोर्समध्ये दुरुस्त्या तपासणारे बहुतेक जण ऑफिस आटोपून, रात्री, बिनपगारी हे काम करतात. त्या माणसाला खरं तर तुमच्या तारखेचाच विचार करायचा होता. पण स्पेस आणि स्वल्पविराम मोजता मोजताच त्याचा अर्धा तास संपला. असे किती नवखे दुसऱ्या उत्तरानंतर पुन्हा फिरकलेच नाहीत, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

कपड्यावरची लव

मग हे मोजण्याचं काम यंत्रालाच का देऊ नये? ही कल्पना बरीच जुनी आहे. १९७८ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. लिंट म्हणजे कपड्यांवर चिकटलेली सुताची बारीक लव. सदरा फाटलेला नसतो, मळलेलाही नसतो, पण त्यावरची लव झटकून टाकली की बरा दिसतो. हा प्रोग्रॅम तशी कोडमधली लव दाखवायचा : संशयास्पद जागा, न वापरलेल्या गोष्टी, वगैरे. तेव्हापासून अशा सगळ्याच तपासनीस प्रोग्रॅमांना ‘लिंटर’ म्हणण्याची रीत पडली.

पायथनवाल्यांनी २००१ साली आपल्या भाषेचं शुद्धलेखन ठरवलं. भाषेत बदल सुचवणाऱ्या प्रस्तावांना तिथे ‘पेप’ म्हणतात. शुद्धलेखनाचा प्रस्ताव आठव्या क्रमांकाचा, म्हणून ‘पेप ८’. चार स्पेस आत, ओळ जास्तीत जास्त ७९ अक्षरांची, स्वल्पविरामापुढे एक जागा, असे त्यातले नियम. नियम पाळलेत की नाही हे तपासणारा प्रोग्रॅमही २००६ साली आला. त्याचं नावही ‘पेप८’च. पुढची गंमत ऐका. नियम लिहिणारे खुद्द गिडो व्हॅन रॉसमच या प्रोग्रॅमवर थोडे नाराज झाले! आम्ही मार्गदर्शन लिहिलं होतं, आणि या प्रोग्रॅमच्या नावामुळे लोक त्याला कायदाच समजू लागले, असं त्यांचं म्हणणं पडलं. विवेक वापरा, नियमाने वाचणं अवघड होत असेल तर तो मोडा, असं त्या नियमावलीतच सांगितलेलं आहे. त्यांच्या विनंतीवरून २०१६ मध्ये प्रोग्रॅमचं नाव बदलून ‘पायकोडस्टाइल’ ठेवलं गेलं.

लिंटरची एक अडचण मात्र उरतेच. तो नुसता लाल पेनाने खुणा करतो. ‘अकरावी ओळ लांब आहे’ असं सांगतो आणि गप्प बसतो. सुधारायचं पुन्हा आपणच. आणि लांब ओळ मोडण्याच्या पाच तऱ्हा असल्या, की त्यातली कुठली, यावर भांडण पुन्हा सुरू!

हट्टी काळा

इथे आपल्या गोष्टीत ‘ब्लॅक’ येतो. २०१८ साली वुकाश लांगा या पोलिश प्रोग्रॅमरने तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला. हेन्री फोर्डच्या मोटारींबद्दलचा किस्सा तुम्ही ऐकला असेल : गिऱ्हाइकाला हवा तो रंग मिळेल, फक्त तो काळा असला पाहिजे! ब्लॅकचा खाक्या तोच. तुम्ही फाइल द्यायची, तो ती आपल्या पद्धतीने मांडून परत देणार. तुमची आवडनिवड तो फारशी विचारतच नाही. ओळीची लांबी तेवढी बदलता येते, पण मुळात त्याने ठरवलेली लांबी आहे ८८ अक्षरं. ८० पेक्षा दहा टक्के जास्त. एवढी दिली की फाइल बरीच आटोपशीर होते, असा त्याच्या कर्त्यांचा अनुभव.

तो हे करतो कसं? व्याकरणाच्या तासाला तुम्ही वाक्याचं पृथक्करण करता ना : उद्देश्य कोणतं, विधेय कोणतं, कोणता शब्द कुणाला चिकटलेला आहे? ब्लॅकही तेच करतो. तुमच्या कोडचं पृथक्करण करून त्याचं एक झाड तयार करतो. खोड, फांद्या, पानं. तुम्ही कुठे किती स्पेस मारल्या होत्या हे तो बहुतेक विसरूनच जातो, आणि त्या झाडावरून सगळं नव्याने लिहून काढतो. ओळ ८८ अक्षरांत मावली तर मावली. नाही तर कंसाशी मोडून आतला मजकूर खालच्या ओळीवर घेतो. तिथेही मावला नाही, तर एकेका वस्तूला एकेक ओळ. त्यामुळे एकच कोड दहा जणांनी दहा तऱ्हांनी लिहिला, तरी ब्लॅकमधून बाहेर पडताना तो बहुधा सारखाच दिसतो.

अवतरणचिन्हांचा तंटाही त्याने मिटवून टाकला : दुहेरी. त्याचं एक कारण मजेदार आहे. दोन एकेरी चिन्हं शेजारी आली की ती एका दुहेरी चिन्हासारखी दिसतात. वहीवर लिहून बघा, लगेच पटेल. दोन दुहेरी चिन्हं जवळ आली, तर असा घोटाळा होत नाही.

पण मांडणी बदलता बदलता अर्थच बदलला तर? म्हणून ब्लॅक एक खबरदारी घेतो. आधीच्या कोडचं झाड आणि नंतरच्या कोडचं झाड तो शेजारी ठेवून ताडून पाहतो. दोन्ही जुळली नाहीत, तर तो फाइलला हात लावत नाही.

मला विचाराल, तर ब्लॅकची मांडणी दर वेळी देखणी असते असं मी म्हणणार नाही. कधी कधी तो चिमुकल्या यादीचाही लांबलचक जिना करून ठेवतो. पण त्याआधीच्या एका भाषेच्या बाबतीत हे सगळं घडून गेलंच होतं. २००९ साली गूगलमधून जाहीर झालेल्या ‘गो’ या भाषेबरोबर ‘गोफमट’ नावाचं असंच मांडणीचं यंत्र येतं. त्या भाषेच्या जनकांपैकी एक, रॉब पाइक, यांनी त्याबद्दल मार्मिक बोलून ठेवलंय. त्याचा भावार्थ असा : गोफमटची शैली कुणाचीच लाडकी नाही, पण गोफमट मात्र सगळ्यांचा लाडका आहे.

तीन वर्षं थांबलेली दुरुस्ती

जँगोवाल्यांपुढे २०१९ साली प्रस्ताव आला : आपल्या वहीची मांडणी ब्लॅककडे सोपवू या. योगायोग म्हणा की खट्याळपणा, हा प्रस्तावही आठव्याच क्रमांकाचा! एकमत काही लगेच झालं नाही. हाताने निगुतीने मांडलेला कोड यंत्राने विस्कटेल, असं काहींना वाटलं. वहीचा इतिहास बिघडेल, ही दुसरी भीती. शेवटी प्रस्ताव मंजूर झाला, पण एक अट घालून. ब्लॅक तेव्हा अजून चाचणीच्या अवस्थेत होता. तो पक्का होईपर्यंत थांबायचं.

थांबले, आणि तेही जवळजवळ तीन वर्षं! २०२२ च्या जानेवारीअखेर ब्लॅकची पहिली पक्की आवृत्ती आली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच जँगोची शेकडो पानं एका दमात नव्याने मांडली गेली.

आता त्या इतिहासाच्या भीतीकडे वळू. वहीतली कुठली ओळ कुणी, कधी, कशासाठी लिहिली, याची नोंद ‘गिट’ नावाचा प्रोग्रॅम ठेवतो. (गिटही लायनस टॉरवाल्ड्सचाच, २००५ सालचा.) एखादी ओळ विचित्र वाटली, की तिचा लेखक शोधायचा आणि त्याने तेव्हा काय कारण लिहून ठेवलंय ते वाचायचं. या सोयीचं गिटमधलं नाव आहे ‘ब्लेम’, म्हणजे ‘दोष द्या’! आता एका दिवसात सगळ्या ओळी यंत्राने पुन्हा लिहिल्या, तर काय होणार? कुठलीही ओळ विचारली तरी उत्तर एकच : ‘ब्लॅकच्या दिवशी लिहिली.’ वर्षानुवर्षं जमलेली कारणं त्याखाली पुरली जाणार.

सुदैवाने ऑगस्ट २०१९ मध्ये गिटच्या नव्या आवृत्तीत यावर उपाय आला होता. एका छोट्या फायलीत अशा दिवसाचा नोंद-क्रमांक लिहून ठेवायचा. मग गिट तो बदल ओलांडून मागे बघतं आणि खरा लेखक सांगतं. जँगोच्या वहीत अशी फाइल आहे. पण शोधणाऱ्याने गिटला तिच्याकडे बोट दाखवावं लागतं.

आणि आता आपल्या बारावीच्या दोस्ताकडे परत जाऊ. आज त्याने दुरुस्ती पाठवायची म्हटली, तर वाटेत दोन फाटकं आहेत. पहिलं त्याच्याच संगणकावर. त्याने ‘प्री-कमिट’ नावाची सोय बसवून घेतली असेल, तर बदल नोंदवण्याच्या क्षणी ब्लॅक आणि त्याचे भाऊबंद बदललेल्या फायलींवरून फिरून येतात. घरातून निघताना आरशात बघावं, तसं. दुसरं फाटक वहीजवळ. दुरुस्ती पोचली, की दूरवरचा एक संगणक आपणहून जागा होतो, तिची प्रत घेतो, तपासण्या चालवतो आणि हिरवी किंवा लाल खूण लावतो. हे झालं शाळेच्या फाटकावर उभे असलेले पी.टी.चे सर! हिरवी खूण असेल, तरी अनुभवी माणूस दुरुस्ती वाचतोच. फरक एवढाच, की स्पेस मोजण्यात त्याची रात्र जात नाही. तो पहिलाच प्रश्न विचारू शकतो : ‘तारीख मागे का जात होती? आणि दुसऱ्या देशातली वेळ घेतली, तर तुझी दुरुस्ती टिकेल का?’

यंत्राची लाल खूण आली तरी मुलं चिडतात, नाही असं नाही. पण थोड्या मिनिटांत आलेली, सगळ्यांना सारख्याच मापाने लागणारी खूण मनाला तितकी लागत नाही. वीस वर्षांच्या जुन्याजाणत्यालाही ते फाटक तेवढंच अडवतं.

एक मात्र खरं. यंत्राला कोडचा आकार कळतो, हेतू कळत नाही. सुबक मांडलेला चुकीचा कोड ते खुशाल हिरवा करून सोडतं. तारीख दोन दिवस मागे नेणारी ‘दुरुस्ती’ पाठवलीत आणि स्वल्पविराम जागच्या जागी असले, तर ब्लॅकची काहीच तक्रार नाही! त्यासाठी वेगळ्या चाचण्या लिहाव्या लागतात, आणि त्या लिहिणारी माणसंच असतात.

आई-बाबांसाठी : जँगो, ब्लॅक आणि पायथन हे तिन्ही फुकट मिळतात आणि साध्या संगणकावरही चालतात. कोड नुसता वाचायला खातं उघडावं लागत नाही. या वह्या ज्या ‘गिटहब’वर ठेवल्या आहेत, तिथे खातं उघडण्यासाठी वय किमान १३ वर्षं लागतं. त्याहून लहानांनी मोठ्यांच्या शेजारी बसून वाचावं. पहिली दुरुस्ती कोडमध्येच असली पाहिजे असंही नाही. माहितीपत्रकातली स्पेलिंगची चूक सुधारून पाठवली, तरी ती चालते.

आता तुमची पाळी!

खाली पाच शेरे दिले आहेत. यातले कोणते यंत्र देऊ शकेल आणि कोणते माणसालाच द्यावे लागतील, ते ओळखा. उत्तरं लगेच बघू नका हं!

१. या ओळीत ८८ हून जास्त अक्षरं आहेत.
२. या कामाला नुसतं ‘क’ असं नाव दिलंय. वाचणाऱ्याला काय बोध होणार?
३. वर एक हत्यार मागवून ठेवलंय, पण खाली ते कुठेच वापरलेलं नाही.
४. फेब्रुवारीला नेहमी २८ दिवस धरलेत. लीप वर्षाचं काय?
५. या ओळीच्या शेवटी एक न दिसणारी स्पेस आहे.

उत्तरं : १, ३ आणि ५ यंत्राची. ४ माणसाचा, कुणी २९ फेब्रुवारीची चाचणी आधीच लिहून ठेवली असेल, तर मात्र यंत्रही पकडेल. २ अर्धा-अर्धा. नाव फार लहान आहे, एवढं यंत्र सांगेल. चांगलं नाव कोणतं, ते तुम्हालाच सुचवावं लागेल.